नर्सिंग होमचा तपासणी अहवाल कसा वाचायचा: अमेरिकेत आईवडिलांसाठी जागा शोधणाऱ्यांसाठी

सासूबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन होऊन चार दिवस झाले होते. हॉस्पिटलच्या सोशल वर्करने आठ नावांची यादी हातात ठेवली आणि उद्या दुपारपर्यंत दोन-तीन पसंत्या कळवा, म्हणाली. त्या रात्री आम्ही घरापासूनचं अंतर पाहिलं, सरकारी संकेतस्थळावरचे दर्जाचे तारे पाहिले आणि चार तारे असलेली जागा निवडली. दोन महिन्यांनी त्यांच्या टाचेला बेडसोर, म्हणजे सतत पडून राहिल्याने होणारी जखम, झाला, तेव्हा कुठे मी त्या जागेचा तपासणी अहवाल उघडला. लागोपाठच्या दोन तपासण्यांत बेडसोरबद्दलच ठपका होता. तो अहवाल त्या रात्रीही सर्वांसाठी खुला होता. वीस मिनिटांत वाचून झाला असता.

त्यानंतर ओळखीतल्या काही मराठी घरांसाठी मी असे अहवाल वाचून दिले. ते वाचायला डॉक्टर किंवा वकील असावं लागत नाही. कुठे बघायचं आणि कशावर थांबायचं एवढं कळलं की पुरे, आणि तेच इथे क्रमाने लिहिते आहे.

आधी दोन खुलासे

पुण्या-साताऱ्यात नर्सिंग होम म्हटलं की आपल्याला छोटं खासगी हॉस्पिटल आठवतं, बहुतेकदा बाळंतपणाचं. आपल्याकडचा १९४९ चा नर्सिंग होम नोंदणीचा कायदाही अशाच खासगी रुग्णालयांसाठी आहे. अमेरिकेत नर्सिंग होम म्हणजे चोवीस तास नर्सची देखभाल लागणाऱ्या, बहुतेक वृद्ध, माणसांची राहण्याची जागा. ऑपरेशननंतर काही आठवड्यांच्या रिहॅबसाठी जातात तीही बरेचदा हीच इमारत.

दुसरं म्हणजे, असिस्टेड लिव्हिंग, म्हणजे सतत नर्सची गरज नसलेल्यांना रोजच्या कामांत मदत मिळते ती राहण्याची जागा, ही वेगळी गोष्ट आहे. तिला खाली सांगितलेले केंद्र सरकारचे नियम लागू नाहीत, त्या-त्या राज्याचे असतात. एकाच आवारात दोन्ही असतील, तर आपला माणूस नेमका कुठल्या इमारतीत जाणार हे आधी विचारून घ्या.

पायरी १: तपासणी कोण करतं, ते समजून घ्या

मेडिकेअर (मुख्यतः वृद्धांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) किंवा मेडिकेड (कमी उत्पन्न असलेल्यांसाठीचा) यांचे पैसे घेणाऱ्या प्रत्येक नर्सिंग होमला केंद्राचे नियम पाळावे लागतात. त्यांचा पाया १९८७ च्या नर्सिंग होम सुधारणा कायद्याने घातला. नियम सीएमएस ही केंद्रीय संस्था करते, पण प्रत्यक्ष तपासायला येतात ते राज्याचे सर्व्हेयर. ते न कळवता येतात. दोन नियमित तपासण्यांमध्ये १५ महिन्यांपेक्षा जास्त अंतर पडू द्यायचं नसतं. कोणी तक्रार केली तर त्यासाठी वेगळी तपासणी होते.

बहुतेकांना माहीत नसतं ते हे: तपासणीचे दोन भाग असतात. एकात राहणाऱ्यांची देखभाल पाहतात, दुसऱ्यात इमारतीची अग्निसुरक्षा. नियमांची पुस्तकं वेगळी, त्रुटींचे क्रमांक वेगळे आणि अहवालही वेगळे. देखभालीच्या त्रुटींच्या क्रमांकाआधी ‘एफ’ हे अक्षर असतं, आगीच्या त्रुटींआधी ‘के’. वादळ-पुरासारख्या आपत्तीच्या तयारीतल्या त्रुटींना ‘ई’ लागतं.

पायरी २: तारे बघा, पण तिथे थांबू नका

मेडिकेअरच्या संकेतस्थळावर ‘केअर कम्पेअर’ नावाचं पान आहे. नर्सिंग होमचं नाव किंवा गावाचा झिप कोड टाकला की एक ते पाच तारे दिसतात. हे तारे तपासणी, कर्मचाऱ्यांची संख्या आणि गुणवत्तेचे आकडे अशा तीन गोष्टींवरून ठरतात. कर्मचाऱ्यांचे तास पगारपत्रकावरून घेतात, त्यामुळे त्यांच्यावर बऱ्यापैकी विश्वास ठेवता येतो. गुणवत्तेचे बरेचसे आकडे मात्र नर्सिंग होमने स्वतःच भरलेले असतात. म्हणून एकूण तारे बाजूला ठेवून ‘हेल्थ इन्स्पेक्शन’चे तारे वेगळे पाहा.

हे तारे राज्याच्या आतल्या तुलनेने ठरतात. त्या राज्यातल्या वरच्या १० टक्क्यांना पाच तारे, खालच्या २० टक्क्यांना एक, बाकीचे मधे. म्हणजे न्यू जर्सीतले तीन तारे आणि टेक्ससमधले तीन तारे यांची तुलना होऊच शकत नाही. भाऊ एका राज्यात, बहीण दुसऱ्या राज्यात आणि आई कुठे राहणार याचा विचार चालू असेल, तर हे ध्यानात ठेवा.

आगीच्या त्रुटी ताऱ्यांमध्ये धरल्याच जात नाहीत. पाच तारे असलेल्या इमारतीत धूर अडवणारी दारं बंद होत नसतील, तरी पाच तारे तसेच राहतात. मला हे कळलं तेव्हा मी दोनदा वाचून खात्री केली होती.

नावाशेजारी लाल वर्तुळात हाताचा पंजा दिसला तर तिथे छळ किंवा अत्याचाराबद्दल ठपका आलेला आहे. पिवळा त्रिकोण असेल तर ती जागा सतत गंभीर त्रुटींमुळे खास देखरेखीखाली आहे. ही चिन्हं असलेली जागा मी तरी यादीतून सरळ काढून टाकेन.

पायरी ३: मूळ अहवाल मिळवा

अहवालाच्या फॉर्मचा क्रमांक आहे सीएमएस-२५६७. नर्सिंग होमच्या जगात नुसतं ‘ट्वेंटी-फाइव्ह सिक्स्टी-सेव्हन’ म्हटलं तरी सगळ्यांना कळतं. देखभालीचे अहवाल केअर कम्पेअरवरून उघडता येतात. प्रोपब्लिका या वृत्तसंस्थेचं ‘नर्सिंग होम इन्स्पेक्ट’ हे मोफत साधन आहे, त्यात शब्द टाकूनही शोधता येतं. काही राज्यांचे आरोग्य विभाग स्वतःही अहवाल ठेवतात.

सगळ्यात खात्रीची जागा म्हणजे ती इमारत. ताजा अहवाल कोणालाही सहज दिसेल अशा ठिकाणी ठेवणं त्यांना बंधनकारक आहे. बहुधा रिसेप्शनजवळ जाड बाइंडर असतो. मागच्या तीन वर्षांचे अहवाल मागितल्यावर दाखवावे लागतात, तक्रारींच्या तपासणीचे धरून. आगीचा पूर्ण अहवालही तिथेच मागा, कारण संकेतस्थळावरच्या यादीतल्या नुसत्या एका ओळीवरून काही कळत नाही. मागताना संकोच करू नका. बाइंडर मागितल्यावर चेहरे कसे होतात, यावरूनही बरंच समजतं.

पायरी ४: आधी अक्षर बघा

प्रत्येक त्रुटीला ए ते एल यांपैकी एक अक्षर दिलेलं असतं. त्यात दोन गोष्टी असतात: नुकसान किती आणि पसारा किती. ए, बी, सी म्हणजे किरकोळ. डी, ई, एफ म्हणजे प्रत्यक्ष इजा झाली नाही, पण होऊ शकली असती. जी, एच, आय म्हणजे कोणाला तरी खरोखर इजा झाली. जे, के, एल म्हणजे जिवाला तातडीचा धोका. प्रत्येक तिघांतलं पहिलं अक्षर एखाद-दुसऱ्या माणसापुरतं, दुसरं अनेक ठिकाणी तोच प्रकार, तिसरं सगळ्या इमारतीत.

इथे नवा माणूस हमखास गोंधळतो. ‘एफ’ आणि ‘के’ ही अक्षरं त्रुटीच्या क्रमांकाआधीही येतात आणि गांभीर्यासाठीही येतात. ‘के-३५३, एफ’ असं दिसलं तर ती आगीची त्रुटी आहे आणि तिचं गांभीर्य एफ आहे, म्हणजे सगळ्या इमारतीत पसरलेली.

बहुतेक त्रुटी डी असतात. चार-सहा डी दिसल्या म्हणून घाबरू नका. पानावर राज्याची आणि देशाची सरासरी दिलेली असते, तिच्याशी ताडून पाहा. जी किंवा त्यापुढचं अक्षर दिसलं की मात्र ती नोंद शब्दन् शब्द वाचायची.

पायरी ५: डाव्या रकान्यात गोष्ट आहे, ती वाचा

सर्व्हेयरने काय पाहिलं, कोणाशी बोलले, कागदात काय सापडलं, हे डाव्या रकान्यात असतं. नावांच्या जागी ‘रहिवासी क्रमांक १२’ असं येतं. ‘बिम्स’ हा शब्द दिसेल. ती स्मरण आणि भान यांची छोटी चाचणी आहे, १५ पैकी गुण असतात. १३ किंवा जास्त म्हणजे भान चांगलं, ७ किंवा कमी म्हणजे फार कमी. भान नसलेल्या माणसाबद्दलची त्रुटी मी जास्त गंभीर धरते, कारण ते माणूस स्वतः सांगू शकत नाही. डिमेन्शियात नंतर शिकलेली भाषा अनेकदा आधी जाते. आपल्या आजी इंग्रजी विसरून फक्त मराठी बोलू लागल्या, तर त्यांचीही गत तीच होते.

काही क्रमांक पाठ असलेले बरे.

एफ-६८६ म्हणजे बेडसोर. हलता न येणाऱ्या माणसाला ठरावीक वेळाने कूस बदलून द्यायची, टाचा उशीवर उचलून ठेवायच्या, त्वचा रोज तपासायची, एवढं साधं काम. ते झालं नाही की जखम हाडापर्यंत जाते. आपल्यासाठी यात एक खास गोष्ट आहे. पहिल्या टप्प्याची खूण त्वचेचा लालसरपणा अशी सांगतात, आणि सावळ्या त्वचेवर तो नीट दिसत नाही. तिथे हात लावून पाहावं लागतं: जागा आसपासपेक्षा गरम आहे का, टणक आहे का, दुखते का. सासूबाईंच्या टाचेचं हेच झालं. कागदावर आठवडाभर ‘त्वचा ठीक’ असं लिहिलेलं होतं.

एफ-६८९ म्हणजे पडणं आणि इतर अपघात, देखरेख न ठेवल्यामुळे झालेले. भरकटून इमारतीबाहेर गेलेला रहिवासीही यातच येतो. एकाच माणसाचं तीनदा पडणं आणि तिन्ही वेळा तोच उपाय लिहिलेला, असं दिसलं तर ती जागा पडण्यातून काही शिकत नाही, असं समजा.

एफ-६७७ म्हणजे जे स्वतःचं करू शकत नाहीत त्यांची आंघोळ, नखं, तोंड धुणं. बहुधा हे डी असतं आणि लोक सोडून देतात. मी सोडत नाही. ज्या कर्मचाऱ्यांना आंघोळ घालायला वेळ मिळत नाही, त्यांना कूस बदलून द्यायला कुठून मिळणार? याच्या जोडीला एफ-७२५, म्हणजे अपुरा नर्सिंग स्टाफ, दिसला तर दोन्ही एकत्र वाचा.

एफ-५८० म्हणजे तब्येत बिघडली किंवा माणूस पडलं तरी घरच्यांना किंवा डॉक्टरला कळवलं नाही. एफ-६०० छळ आणि हयगय, एफ-८८० संसर्ग रोखणं. हे शेवटचं फार ठिकाणी येतं, हातमोजे न बदलण्यापासून काहीही असू शकतं, म्हणून अक्षर पाहूनच ठरवा.

पायरी ६: उजवा रकाना आणि मागची वर्षं

उजवीकडे नर्सिंग होमने लिहिलेला दुरुस्तीचा आराखडा असतो. तो त्यांना दहा दिवसांत द्यावा लागतो. सुरुवातीला ‘हा आराखडा म्हणजे चुकीची कबुली नाही’ अशा अर्थाचं वाक्य असतं. ते वकिली छापाचं आहे, त्याने बिचकू नका. ‘कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण दिलं’ यावरच थांबणारा आराखडा कच्चा. चांगल्या आराखड्यात कोण तपासणार, आठवड्यातून किती वेळा, किती आठवडे आणि निकाल कोणापुढे जाणार, हे लिहिलेलं असतं.

मग मागचे दोन अहवाल शेजारी ठेवून एवढंच पाहा की तोच क्रमांक पुन्हा आला आहे का. दहा वेगवेगळ्या त्रुटींपेक्षा लागोपाठ आलेली एकच त्रुटी मला जास्त खटकते.

पायरी ७: आगीचा अहवाल

२००३ साली कनेक्टिकटमधल्या हार्टफर्डला आणि टेनेसीतल्या नॅशव्हिलला नर्सिंग होमना आगी लागल्या. दोन्ही रात्री. दोन्ही मिळून तीसहून जास्त माणसं गेली, आणि दोन्ही इमारतींत स्प्रिंकलर नव्हते. पुढे नियम झाला आणि १३ ऑगस्ट २०१३ पर्यंत देशातल्या प्रत्येक नर्सिंग होममध्ये सर्वत्र स्प्रिंकलर बसवणं सक्तीचं झालं. आज तपासणी होते ती राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटनेच्या २०१२ च्या जीवितसुरक्षा संहितेनुसार.

हा अहवाल समजण्यासाठी एकच कल्पना पक्की हवी. घरात आग लागली तर आपण बाहेर पळतो. नर्सिंग होममध्ये शंभर माणसं पळू शकत नाहीत, काही ऑक्सिजनवर असतात, काही पलंगावरून उठतही नाहीत. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ च्या आगीत दहा नवजात बाळं गेली, तेव्हा स्वतः हलू न शकणारा जीव आगीत किती असहाय असतो ते आपण पाहिलं आहे. म्हणून अशा इमारतीची रचनाच वेगळी असते. मजल्याचे धूर अडवणाऱ्या भिंतींनी भाग पाडलेले असतात. आग एका भागात लागली की तिथली माणसं त्याच मजल्यावर, दाराच्या पलीकडच्या भागात ढकलत न्यायची. तोवर स्प्रिंकलरने आग दाबायची आणि बंद दारांनी धूर थोपवायचा. दार, भिंत, स्प्रिंकलर आणि रात्रपाळीची माणसं यांपैकी एक जरी कच्चं असलं तरी सगळी योजना ढासळते.

आता त्रुटी वाचा. के-३६३ म्हणजे कॉरिडॉरकडे उघडणारी दारं: नीट न लागणारी, कडी न बसणारी, पाचर मारून उघडी ठेवलेली. के-३७२ म्हणजे धूर अडवणाऱ्या भिंतीला पडलेली भोकं. छताच्या वर केबल टाकणारा माणूस भोक पाडून जातो आणि ते कोणी बुजवत नाही. वाचायला क्षुल्लक वाटतं, पण धुराला तेवढीच वाट पुरते. के-३५३ म्हणजे स्प्रिंकलरची देखभाल: गंजलेली, रंग लागलेली, धुळीने भरलेली तोंडं, किंवा त्यांच्याखाली १८ इंचांच्या आत रचलेली खोकी. के-३४५ अलार्मची देखभाल. के-३२१ म्हणजे लाँड्री, कोठार अशा धोक्याच्या खोल्यांची दारं.

के-७१२ म्हणजे फायर ड्रिल. प्रत्येक पाळीत दर तीन महिन्यांनी एक झाली पाहिजे, तीही वेगवेगळ्या वेळी. ज्या अहवालात रात्रपाळीची ड्रिल चुकलेली दिसते, ती जागा मी नको म्हणून बाजूला ठेवते, अक्षर काहीही असो. रात्री सगळ्यात कमी माणसं कामावर असतात आणि वर सांगितलेल्या दोन्ही आगी रात्रीच लागल्या होत्या.

के-९१८ म्हणजे जनरेटर. तो दर आठवड्याला तपासायचा आणि दर महिन्याला भार देऊन ३० मिनिटं चालवायचा असतो. ‘नोंद सापडली नाही’ असं लिहिलं असेल तर ती कागदाची चूक म्हणून सोडून देऊ नका. २०१७ साली इर्मा चक्रीवादळानंतर फ्लोरिडातल्या हॉलीवूड गावी एका नर्सिंग होमची वातानुकूलन यंत्रणा बंद पडली आणि उष्म्याने बारा रहिवासी दगावले. फ्लोरिडा, टेक्सस किंवा किनाऱ्याजवळ जागा बघत असाल तर ‘ई’ क्रमांकाच्या त्रुटी आवर्जून वाचा.

पायरी ८: जाऊन बघा, शक्यतो संध्याकाळी

टूर नेहमी सकाळी देतात. ती घ्या, पण नंतर शनिवारी संध्याकाळीही एक फेरी मारा. बेलचा दिवा लागल्यावर कोणी यायला किती वेळ लागतो ते घड्याळात पाहा. पाण्याचे ग्लास हाताशी आहेत की टेबलाच्या पलीकडच्या टोकाला? त्या दिवशी प्रत्येक पाळीत किती नर्स आणि किती सहायक आहेत याचा फलक लावणं सक्तीचं आहे, तो शोधा. कॉरिडॉरमध्ये सामानाच्या गाड्या, माणसाला उचलायची लिफ्ट यंत्रं, व्हीलचेअर यांची रांग लागून वाट अडली आहे का? कुठल्या दाराला पाचर आहे का? ऑक्सिजनचे सिलिंडर साखळीने किंवा स्टँडमध्ये बांधलेले आहेत की सुटे उभे? मान वर करून स्प्रिंकलरची तोंडंही पाहा.

मग प्रशासकाला अहवालातली एक त्रुटी नाव घेऊन विचारा: ‘मार्चमध्ये बेडसोरबद्दल ठपका होता, त्यानंतर काय बदललंत?’ चांगला प्रशासक लगेच तपशील सांगतो.

पायरी ९: दाखल झाल्यावर

४८ तासांत प्राथमिक केअर प्लॅन तयार व्हावा लागतो. त्याची प्रत मागून घ्या आणि कूस बदलण्याची वेळ, पडण्याचा धोका, शाकाहार, उपासाचे दिवस हे त्यात लिहून घ्या. धार्मिक आणि सांस्कृतिक गरजा ध्यानात घेऊन जेवण देणं हा नियमांचाच भाग आहे, आपण काही मेहेरबानी मागत नाही. ‘दुखतंय’, ‘पाणी’, ‘लघवीला जायचंय’, ‘गरगरतंय’ असे दहा-बारा शब्द रोमन लिपीत, समोर इंग्रजी अर्थ, असं कार्ड पलंगाजवळ लावा. आमच्याकडच्या सहायक मुलीने ते आठवड्यात पाठ केलं होतं.

अग्निसुरक्षेत आपलाही वाटा असतो. घरून आणलेली एक्स्टेन्शन कॉर्ड, छोटा हीटर, चहाची विजेची किटली या वस्तूंवरून नर्सिंग होमला त्रुटी लागते, आणि ती योग्यच आहे. काहीही विजेवरचं आणण्याआधी मेन्टेनन्सच्या माणसाला दाखवा. समई, निरांजन, उदबत्ती खोलीत लावू नका. शेजारच्या पलंगावर ऑक्सिजन चालू असू शकतो. देवापुढे बॅटरीचा दिवा ठेवला की सासूबाई आधी कुरकुरायच्या, मग त्यालाच हात जोडायच्या.

काही खटकलं तर तारीख, वेळ, पाळी आणि शक्य तर फोटो अशी नोंद ठेवा. आधी नर्सिंग डायरेक्टरशी बोला. त्याने भागलं नाही तर प्रत्येक राज्यात लाँग-टर्म केअर ओम्बड्समन असतो. तो रहिवाशांच्या बाजूने बोलतो आणि त्याची मदत मोफत असते. त्याचा नंबर इमारतीत लावलेला असतो. गंभीर बाब असेल तर राज्याच्या आरोग्य विभागाकडे थेट तक्रार करा, ती नाव न देताही करता येते. आपली मंडळी ‘त्यांच्याच हातात आई आहे, उगाच वाकडं नको’ म्हणून गप्प बसतात. तक्रारीचा सूड घेणं बेकायदेशीर आहे. मी केलेल्या तक्रारीनंतर सर्व्हेयर आले, माझ्याशी फोनवर पाऊण तास बोलले, आणि पुढच्या अहवालात सासूबाई एका क्रमांकाच्या रूपाने नोंदल्या गेल्या, एफ-६८६, अक्षर जी.